जबड्याच्या सांध्याची सोनोग्राफी: सूज किती आणि त्यामुळे अडतं किती?

कानापुढे दुखतं, घास चावताना कळ येते, जांभई अर्ध्यावरच अडते. अशा तक्रारींसाठी सोनोग्राफी सुचवली की रुग्ण आणि पालक बरेच प्रश्न विचारतात. त्यांची ही उत्तरं. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या निम्म्या उत्तरांचा आधार तीच आहे. सांध्यात सूज किती आहे हे मोजणं आणि त्या सांध्यामुळे माणसाचं काय काय अडलंय हे मोजणं, ही दोन वेगळी कामं आहेत. सोनोग्राफी यातलं पहिलं काम करते, आणि तेही काही मर्यादांसह. दुसऱ्या कामाला मोजपट्टी, प्रश्नावली आणि ऐकून घेणारा माणूस लागतो.

हा सांधा नेमका कुठे असतो? मला तर वाटत होतं कान दुखतोय.

कानाच्या अगदी पुढे बोट टेकवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलतं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक, त्याला जबड्याचा माथा म्हणू. वरच्या बाजूला कानशिलाच्या हाडात त्याच्यासाठी खाच असते. दोघांच्या मध्ये तंतुमय ऊतींची पातळ चकती असते आणि तिच्यामुळे सांध्याचे वरचा आणि खालचा असे दोन कप्पे होतात. तोंड उघडायला सुरुवात करताना माथा मुख्यतः खालच्या कप्प्यात जागच्या जागी फिरतो. आणखी उघडलं की माथा आणि चकती मिळून पुढे घसरतात, आणि ही हालचाल वरच्या कप्प्यात होते. डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे एक बिघडला की दुसऱ्यालाही आपली चाल बदलावी लागते.

कानाचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. सांध्याला संवेदना पुरवणाऱ्या नसेच्या फांद्या कानाच्या काही भागालाही जातात. म्हणून कान तपासून निर्दोष निघाला की पुढची नजर या सांध्यावर जायला हवी.

सोनोग्राफीत या सांध्याचं काय दिसतं?

बाहेरच्या बाजूचं जे आहे ते दिसतं. माथ्याच्या हाडाचा पृष्ठभाग पांढऱ्या चमकदार रेषेसारखा उमटतो, त्यावर सांध्याचं आवरण दिसतं, दोन्हींच्या मधली जागा दिसते, आणि यंत्र चांगलं असेल तर चकतीची गडद पट्टीही दिसते. या तपासणीचा मोठा गुण म्हणजे हलता सांधा बघता येतो. तोंड मिटलेलं, हळूहळू उघडताना, पूर्ण उघडलेलं, अशा सगळ्या अवस्थांत माथा किती पुढे येतो आणि कुठे अडतो हे समोर पडद्यावर दिसतं.

जे दिसत नाही तेही तितकंच महत्त्वाचं आहे. ध्वनिलहरी हाडापलीकडे जात नाहीत. वरून गालफडाच्या हाडाची कमान आणि मध्ये माथा, या दोन्हींच्या सावलीत सांध्याचा आतला भाग झाकला जातो. हाडाच्या गाभ्यातली सूज तर सोनोग्राफीला दिसूच शकत नाही.

सूज आहे हे कशावरून ठरवतात?

मुख्यतः माथ्याच्या हाडापासून आवरणापर्यंतच्या अंतरावरून. सांध्यात पाणी साचलं किंवा आतलं अस्तर जाड झालं की आवरण बाहेर ढकललं जातं आणि हे अंतर वाढतं. पाणी काळंभोर दिसतं आणि प्रोबने, म्हणजे त्वचेवर टेकवतात त्या यंत्राच्या भागाने, हलकं दाबलं की बाजूला सरकतं. जाड झालेलं अस्तर करडं-काळपट दिसतं आणि दाबल्याने फारसं हलत नाही. आवरण फुगलेलं आहे असं म्हणण्यासाठीची मर्यादा अभ्यासकांनी साधारण १.५ ते २ मिलिमीटरच्या दरम्यान धरली आहे. सगळ्यांनी मान्य केलेला एकच आकडा नाही. म्हणून १.७ मिलिमीटर असा एकटा आकडा वाचून घाबरण्यात अर्थ नाही, आणि निर्धास्त होण्यातही नाही. दुसऱ्या बाजूचा सांधा किती आहे, दुखतंय कुठल्या बाजूला, चित्र तोंड मिटून काढलं की उघडून, हे सोबत असलं तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

इतकं बारीक मोजायचं तर यंत्रही तसंच हवं. शरीराच्या मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. १२ मेगाहर्ट्‌झच्या प्रोबची तरंगलांबी त्यामुळे सुमारे ०.१३ मिलिमीटर येते. पोटाच्या तपासणीसाठी वापरतात त्या ३.५ मेगाहर्ट्‌झच्या प्रोबची येते सुमारे ०.४४ मिलिमीटर. दीड मिलिमीटरची फट मोजायला निघालेल्या माणसाने यातला कुठला प्रोब उचलावा हे सांगायला नको. सपाट तोंडाचा, १२ मेगाहर्ट्‌झ किंवा त्याहून वरचा प्रोब असावा. लहान मुलांसाठी हॉकीच्या काठीसारख्या वाकड्या, चिमुकल्या तोंडाचा प्रोब मिळाला तर फारच बरं.

डॉपलरमध्ये रक्तप्रवाह वाढलेला दिसला नाही, म्हणजे सूज नाही ना?

असं म्हणता येत नाही. डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर रक्तप्रवाह रंगाने दाखवण्याची सोय. गुडघ्यात किंवा मनगटात डॉपलर जितका उपयोगी पडतो तितका या सांध्यात पडत नाही. सांधा लहान, दिसणारा भाग आणखी लहान, आणि प्रोब जरा जोराने टेकवला तरी बारीक वाहिन्या दबून रंग नाहीसा होतो. उलट बाजूनेही फसगत होते. कानापुढून जाणारी कानशिलाची धमनी आणि शीर अगदी शेजारीच असतात, त्यांचाच प्रवाह सांध्यातला समजला जाऊ शकतो. आवरणाच्या आत स्पष्ट रंग दिसला तर त्याला वजन द्यावं. दिसला नाही तर त्यावरून काहीच ठरवू नये.

एमआरआय जास्त चांगला असेल तर थेट तोच का करत नाहीत?

काही वेळा थेट तोच करावा. आमवात, सोरायसिससोबतची सांधेदुखी किंवा मुलांमधला संधिवात असा दाहजन्य आजार या सांध्यात शिरल्याचा संशय असेल आणि उत्तरावर मोठा निर्णय अवलंबून असेल, तर शिरेतून औषध देऊन काढलेला एमआरआय हीच मुख्य कसोटी आहे. सांध्याची आतली बाजू, अस्तर, चकती आणि हाडाच्या गाभ्यातली सूज हे सगळं त्यात एकत्र दिसतं. हाडाची झीज किंवा बदललेला आकार बारकाईने पाहायचा असेल तर सीटी किंवा दंतोपचारात वापरतात तो कोन बीम सीटी सरस ठरतो.

सोनोग्राफीची ताकद दुसरीकडे आहे. ती पटकन होते, तुलनेने स्वस्त असते, किरणोत्सर्ग नसतो, बंद नळीत पडून राहावं लागत नाही, आणि उपचारादरम्यान पुन्हा पुन्हा करता येते. एमआरआयमध्ये ठरावीक स्थितीतली चित्रं मिळतात. इथे तुमचा सांधा चालताना दिसतो, आणि दुखतं तिथेच प्रोब ठेवून "इथेच ना?" असं विचारता येतं.

रिपोर्ट नॉर्मल आला, पण दुखणं खरं आहे. आता?

दुखणं खरंच आहे, रिपोर्टने ते खोटं ठरत नाही. इथे तीन शक्यता असतात. एक, सूज आहे पण सांध्याच्या आतल्या बाजूला, जिथे ध्वनिलहरी पोचत नाहीत. दोन, सांध्यात रचनेचा बिघाड नसूनही तो संवेदनशील झालाय. आणि तीन, माझ्या मते सर्वात जास्त दुर्लक्षित: दुखतोय तो सांधा नव्हेच, चावण्याचे स्नायू दुखताहेत. जबड्याच्या तक्रारींमध्ये स्नायूंचं दुखणं सर्वाधिक आढळतं. गालावर, जबड्याच्या कोनाच्या वर दाबल्यावर "हेच ते दुखणं" असं वाटत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग उपचाराची दिशाच बदलते: दात आवळून धरण्याची सवय लक्षात आणून देणं, व्यायाम, शेक, काही जणांना रात्री दातांवर बसवायचा गार्ड.

"चकती सरकलेली आहे" असं लिहिलंय. ती जागेवर बसवावी लागेल का?

बहुतेकांना नाही. काहीही तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तर सुमारे एक तृतीयांश जणांमध्ये चकती जागची हललेली आढळते. म्हणजे चकती सरकणं हा नेहमी आजारच असतो असं नाही. शिवाय ती बहुधा पुढे आणि आतल्या बाजूला सरकते, आणि आतली बाजूच सोनोग्राफीला नीट दिसत नाही. त्यामुळे चकतीबद्दलचं सोनोग्राफीचं मत मी अंदाज म्हणून घेते, निदान म्हणून नाही.

लक्ष द्यायचं ते लक्षणांकडे. आधी तोंड उघडताना कट्‌ आवाज यायचा, मग एके दिवशी आवाज थांबला आणि तोंड उघडणंच कमी झालं, अशी हकिकत असेल तर ती चकती पुढे अडकून बसल्याची खूण असू शकते. तेव्हा तपासणी लांबवू नका.

नुसता कट्‌कट्‌ आवाज येतो, दुखत नाही, अडकत नाही. सोनोग्राफी करू का?

नको. उपचारही नको.

अडचण किती आहे हे मग मोजतात कसं?

याचं उत्तर लांब आहे, कारण रुग्णासाठी खरा मुद्दा इथेच असतो आणि रिपोर्टमध्ये त्याला जागाच नसते.

पहिलं माप पट्टीचं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजतात आणि वरचे दात खालच्यांवर जितके चढलेले असतात तितके मिलिमीटर त्यात मिळवतात. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडतं. दुखू न देता किती उघडतं, दुखलं तरी चालेल असं म्हणून किती उघडतं, आणि तपासणाऱ्याने बोटांनी हलका ताण दिल्यावर किती, ही तीन मापं वेगवेगळी लिहावीत. तिसरं माप दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त निघालं तर अडथळा स्नायूंचा किंवा दुखण्याच्या धास्तीचा असू शकतो. ताण देऊनही जबडा तिथेच थांबला तर सांध्यातल्या अडथळ्याचा विचार करावा लागतो. जबडा डावी-उजवीकडे आणि पुढे किती सरकतो, उघडताना एका बाजूला वळतो का, हेही टिपून ठेवावं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजण्याच्या पद्धतीतूनही येऊ शकतो, तेवढ्यावरून सुधारणा किंवा बिघाड जाहीर करू नये.

दुसरं माप प्रश्नावलीचं. २०१४ मध्ये या विकारांच्या निदानाचे सुधारित आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले. त्यांचे दोन अक्ष आहेत. पहिल्यात सांधा आणि स्नायूंचं शारीरिक निदान, दुसऱ्यात दुखण्याची तीव्रता, त्यामुळे आलेली अडचण आणि मनावरचा ताण. दुसऱ्या अक्षातल्या एका प्रश्नावलीत जबड्याच्या वीस कामांबद्दल विचारतात: कडक पदार्थ चावणं, मोठा घास घेण्याइतकं तोंड उघडणं, जांभई, बोलणं, हसणं. प्रत्येकाला ० ते १० गुण. तिचंच आठ प्रश्नांचं छोटं रूपही आहे. आणखी एक श्रेणी दुखण्याची तीव्रता आणि त्यापायी बुडालेले दिवस एकत्र करून ० ते ४ अशी पायरी ठरवते. तिची मला पटलेली बाब अशी की फार दुखत असूनही सगळी कामं रेटणारा माणूस आणि दुखण्याने कामं सोडून बसलेला माणूस तिथे वेगवेगळ्या पायऱ्यांवर येतात. दोघांची सोनोग्राफी कदाचित हुबेहूब सारखी असेल.

म्हणजे सूज जास्त तर अडचण जास्त, असं काही नसतं?

सरसकट नसतं. अचानक उसळलेल्या दाहात सूज, दुखणं आणि तोंड न उघडणं हातात हात घालून येतात. तिथे सूज उतरली की उघडणंही वाढताना दिसतं. जुनाट दुखण्यात मात्र ही साखळी सैल होते. झोप, चिंता, स्नायूंचा ताण, शरीरात इतरत्र असलेलं दुखणं, किती दिवस सोसलंय, या सगळ्यांचा अडचणीवर परिणाम होतो आणि यातलं काहीच प्रोबला दिसत नाही. उलटही घडतं. काही सांध्यांत पाणी दिसतं, पण माणसाला त्याची जाणीवही नसते.

म्हणून प्रत्येक भेटीत दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी असाव्यात असा माझा आग्रह आहे. सूज कमी झाली पण प्रश्नावलीचे गुण तसेच राहिले, तर सांध्यावरचं औषध वाढवत नेण्याऐवजी स्नायू, सवयी, झोप आणि मनावरच्या ताणाकडे वळायला हवं. गुण सुधारले पण सूज वाढतेय, तर रुग्ण खूश असला तरी डॉक्टरांनी सावध राहावं, विशेषतः आमवात असेल तर.

माझ्या मुलीला संधिवात आहे, पण जबडा दुखत नाही असं ती सांगते. तरी तपासायचा?

हो. हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी मी स्वतःहून सांगते. सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू होऊन किमान सहा आठवडे टिकणाऱ्या मुलांच्या संधिवातात जबड्याचा सांधा मुकाट्याने बिघडू शकतो. दुखत नाही, सूज बाहेरून दिसत नाही, आणि इतर सांधे ठीक असतानाही हा धुमसत राहू शकतो. धोका वाढीचा आहे. खालच्या जबड्याच्या वाढीचा एक महत्त्वाचा थर माथ्यावर, सांध्याच्या पृष्ठभागाच्या अगदी लगत असतो. तिथे दाह टिकला तर एका बाजूचा जबडा आखूड राहतो आणि हनुवटी तिकडे झुकते. दोन्ही बाजूंना झालं तर हनुवटी मागे राहते.

घरी एवढं बघत जा: तोंड उघडताना हनुवटी एकीकडे वळते का, चेहऱ्याच्या दोन बाजू वेगळ्या वाटू लागल्या का, जेवायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का, मूल कडक काही खाणं टाळतं का. प्रत्येक भेटीत डॉक्टरांकडून तोंड उघडण्याचं माप घ्यायला लावा आणि वहीत लिहा. मूल वाढतंय तसं हे मापही वाढायला हवं, ते थांबलं किंवा घटलं तर ती सूचना समजा.

सोनोग्राफी मुलांना सोसायला सोपी आहे, पण मुलांच्या बाबतीत तिच्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबून राहू नये. लवकरचा दाह तिच्या नजरेतून निसटतो. संशय असेल तर एमआरआय लागतोच. एमआरआय वाचणाराही या विषयातला असावा, कारण निरोगी मुलांच्या सांध्यातही थोडं पाणी आणि शिरेतून दिलेल्या औषधाची किंचित चमक दिसू शकते. ती आजार समजली गेली तर नाहक औषधं सुरू होतात.

तपासणीच्या दिवशी काय तयारी करायची? किती वेळ लागतो?

उपाशी राहायचं नाही. कानातलं काढून ठेवा, केस मागे बांधा. दाढी दाट असेल तर जेल जास्त लागेल, एवढंच. कानापुढे जेल लावून प्रोब आधी आडवा, मग उभा टेकवतात. दोन्ही बाजू तपासतात, दुखरी एकच असली तरी. तोंड उघडा, मिटा, थोडा वेळ धरून ठेवा, असं सांगतात. साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतात. उघडं तोंड धरून ठेवणं त्रासाचं वाटलं तर लगेच सांगा, मध्ये थांबता येतं.

गरोदरपणात चालते का?

चालते. क्ष-किरणं नसतात आणि प्रोब चेहऱ्यावरच असतो.

पुन्हा करायची असेल तर काय लक्षात ठेवावं?

ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. प्रोबचा कोन जरा बदलला, दाब जरा वाढला, तोंड थोडं उघडं राहिलं, की मिलिमीटरचे दशांश इकडचे तिकडे होतात, आणि इथे सगळा खेळच दशांशांचा आहे. म्हणून शक्य तर त्याच तपासनीसाकडे, त्याच यंत्रावर जा. आधीची चित्रं सोबत न्या, नुसता कागदी रिपोर्ट नको. रिपोर्टमध्ये प्रोबची वारंवारता, तोंडाची स्थिती आणि दोन्ही बाजूंची मापं लिहून मागा. पाठवणाऱ्या डॉक्टरांनीही चिठ्ठीत नुसतं "जबड्याची सोनोग्राफी" न लिहिता नेमका प्रश्न लिहावा: पाणी आहे का, अस्तर जाड आहे का, माथ्याचा पृष्ठभाग तुटलाय का, माथा पुढे घसरतो का.

सोनोग्राफी बघत सांध्यात इंजेक्शन देतात ते काय?

सुई सांध्यात शिरताना पडद्यावर पाहता येते, आणि इतक्या अरुंद जागेत, धमनी आणि चेहऱ्याच्या नसेच्या सान्निध्यात, त्याचा फायदा होतो. वरच्या कप्प्यात सुया घालून सांधा खारट द्रावाने धुण्याची पद्धत १९९१ मध्ये मांडली गेली. अचानक अडकलेल्या जबड्यात ती आजही वापरतात. स्टिरॉइडचं इंजेक्शन मोठ्यांमध्ये निवडक वेळी देतात. वाढत्या मुलांमध्ये ते वारंवार देण्याबाबत तज्ज्ञ सावध असतात, कारण वाढीवर परिणाम होण्याची आणि सांध्यात नको तिथे हाड तयार होण्याची भीती असते.

कोणत्या लक्षणांत सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहत बसू नये?

वय पन्नाशीच्या पुढे असेल, चावायला लागल्यावर जबडा दुखतो आणि थांबलं की शमतो, सोबत कानशिलापाशी नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, किंवा नजरेत काहीही फरक असेल, तर ती सांध्याची नसून कानशिलाच्या धमनीच्या दाहाची लक्षणं असू शकतात. यात नजर कायमची जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या आजारातही सोनोग्राफी कामी येते: सुजलेल्या भिंतीमुळे धमनीभोवती काळं कडं दिसतं. पण संशय दाट असेल तर स्टिरॉइड त्यासाठी अडवून ठेवत नाहीत. औषध सुरू झाल्यावर कडं विरत जातं, म्हणून तपासणी पहिल्या काही दिवसांतच उरकावी लागते.

ताप, कानापुढे लालसर गरम सूज आणि दातखिळी बसल्यासारखं तोंड, ही जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात. त्यातही त्याच दिवशी दाखवा. आणि जांभई देताना तोंड उघडंच राहिलं, मिटतच नाही, असं झालं तर घरच्यांनी जोर लावून बसवायला जाऊ नये. जबड्याखाली हाताचा आधार द्या आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.